तेविसावी खेळी

सोमवार, ३

काल मी जिंकले. क्लबाच्या अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात काकांना हरवलं, एकतीस खेळ्यांत, पांढऱ्या सोंगट्यांनी, आणि ते पूर्ण शुद्धीत असताना. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण सकाळी आमचे हे म्हणाले, "त्यांना बरं नव्हतं का?" यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण कुठे टोचायचं ते बरोबर कळतं.

काका म्हणजे नकाशा कचेरीतून निवृत्त झालेले आरेखक. मागे सगळे त्यांना काटकोन म्हणतात, समोर काका. एकोणीस वर्षं अजिंक्यपद त्यांच्याकडे होतं. नियमांचं पुस्तक तोंडपाठ. डाव चालू असताना कोणी खोकलं तर ते नुसते बघतात, आणि खोकणारा माणूस उठून जिन्यात जाऊन खोकून येतो. मला हा खेळ त्यांनीच शिकवला. तेव्हा मी तिशीची होते, आता पन्नाशीला दोन कमी.

आता तेविसाव्या खेळीबद्दल. काकांनी हत्तीने माझं बी दोनवरचं प्यादं मारलं आणि मागे टेकून बसले. सगळ्यांना वाटलं, झालं, ताईंचा डाव आटोपला. मी शांतपणे किल्लेकोट केला. राजा दोन घरं डावीकडे, कोपऱ्यातला हत्ती त्याला ओलांडून पलीकडे. हत्तीचा त्यांच्या राजाला उभा शह, आणि माझा राजा त्यांच्या हत्तीच्या शेजारी, त्याला खायला मोकळा. एका खेळीत दोन कामं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. काका पटावर एवढे वाकले की नाक सोंगट्यांना लागेल असं वाटलं. मग माझ्याकडे बघितलं, मग परत पटाकडे. अकरा मिनिटं गेली. माणूस थक्क होतो तेव्हा कसा दिसतो ते मी काल पाहिलं.

डाव संपल्यावर एकमेकांच्या खेळ्यांच्या कागदावर सही करायची आमची पद्धत आहे. काका म्हणाले, "राहू दे, घरी नीट उतरवून देतो." पचवायला वेळ लागतो माणसाला. मी माझा कागद पिशवीत ठेवला. जिंकलेल्याने मोठं मन ठेवावं.

रविवारी सोळा तारखेला मी हा डाव क्लबात भिंतीवरच्या मोठ्या पटावर सर्वांना समजावून सांगणार आहे. तीस तारखेला नदीपलीकडच्या क्लबाशी सामना आहे, आणि त्यात पहिल्या पटावर अजिंक्य खेळाडू बसतो. म्हणजे मी.

मंगळवार, ४

कामावर, दातांच्या प्रयोगशाळेत, तीन कवळ्या पूर्ण केल्या. तिन्ही एका फटक्यात बसल्या. दिवस असेच असतील तर माझी हरकत नाही.

गुरुवार, ६

डाव समजावून सांगायचा तर आधी स्वतःला समजायला हवा. म्हणून रोज संध्याकाळी तो पुन्हा मांडते. सासूबाई कागदावरून खेळ्या वाचतात, मी पटावर लावते. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आकडा कसा सांगायचा ते त्यांच्याकडून शिकावं. "सात. घोडा. एफ तीन." प्रत्येक शब्दाला वेगळी जागा, जरा घाई नाही. ऐकताना खेळी चुकणं शक्यच नाही.

आज पहिल्या वीस खेळ्या बारकाईने पाहिल्या. खरं सांगायचं तर सुरुवात माझी काही झळझळीत नव्हती. चौदाव्या खेळीला बी दोनचं प्यादं राखायला मी कोपऱ्यातला हत्ती बी एकवर आणला. काकांचा उंट लगेच एफ पाचला आला, तिथून त्याच्यावर मारा होत होता, म्हणून पंधराव्याला हत्ती परत ए एकवर. दोन खेळ्या पाण्यात. सोळा तारखेला ही जागा मी भरभर उरकणार आहे. लग्नाची गोष्ट सांगताना कोणी ठरायला किती दिवस लागले ते सांगत बसत नाही.

नंतर आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, एक डाव खेळले. त्यांना या वर्षीच शिकवलं. सतराव्या खेळीला मात केली. मध्येच त्या किल्लेकोट करायला गेल्या आणि मी हात धरला. त्यांचा हत्ती आधी एकदा उठून परत बसला होता. राजा किंवा तो हत्ती एकदा हलला की हलला, मग जागेवर परत आला तरी किल्लेकोट नाही. आई म्हणाल्या, "घरातल्या घरात चालतं गं." मी म्हटलं, "नियम घरात आणि बाहेर वेगळे नसतात." त्या माझ्याकडे बघून हसल्या. शिकतील हळूहळू.

शनिवार, ८

बाजाराच्या रस्त्यावर काका दिसले, समोरच्या फुटपाथवर. मी हात केला. बघितलं माझ्याच दिशेने, सरळ, आणि पुढे निघून गेले. मी पुन्हा हात केला. नाहीच.

अठरा वर्षं ज्यांनी मला खेळ शिकवला ते एका डावासाठी ओळख विसरतात, याचं मला वाईट वाटलं. रागही आला. हरण्यातही एक रीत असते. ती मला त्यांनीच शिकवली होती. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू त्यांना हरवलंस, आता हात हलवून चिडवतेस पण." असे हे आमचे.

रविवार, ९

क्लबात गेले. आमचा क्लब म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक लांब खोली, सहा टेबलं, भिंतीवर मोठा पट. दुकानदारच चिटणीस आहेत, आम्ही त्यांना औषधवाले म्हणतो. त्यांनी फळ्यावर सोळा तारखेचा कार्यक्रम लिहून ठेवला होता, "ताईंचा विजयी डाव", मोठ्या अक्षरांत. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

काका खिडकीशी बसले होते. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "कोण?" दारात मी, खोलीत दुपारचा उजेड, आणि "कोण?" म्हणे. मी म्हटलं, "अजिंक्य." दोघंतिघं हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा. म्हणाले, "ये ये, पोरी." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे माझाच राग ओशाळला.

मग त्यांनी कोणाशी डाव मांडला नाही. "आज नुसता बसतो," म्हणाले. हरल्याचं दुःख, दुसरं काय. मी मात्र तीन डाव खेळले आणि तीन जिंकले.

आईंशी रात्री जेवणाआधी एक डाव. छत्तीस खेळ्या लागल्या. मी दमले होते.

सोमवार, १०

आज जे झालं ते जसं झालं तसंच लिहिते.

शेवटची उजळणी होती. आई वाचत होत्या. "बावीस. काळा. हत्ती मारतो बी दोन." मी लावलं. "तेवीस. पांढरा. मोठा किल्लेकोट. शह." मी राजा उचलला, हत्ती उचलला, ठेवला, आणि पुढच्या खेळीची वाट बघत राहिले.

आवाज येईना.

"पुढे, आई."

"थांब. लाइन अडकली आहे." त्यांनी चष्मा वर केला आणि बोट कागदावरून मागे नेलं. "अगं, हा हत्ती चौदाला उठला होता ना? पंधराला परत बसला."

"हो. मग?"

"मग काही नाही. परवा माझा होऊ दिला नाहीस, म्हणून विचारलं."

आठ दिवस मी हा डाव रोज लावते आहे. चौदावी आणि पंधरावी खेळी माझ्या हातांनी लावते, आणि तेविसावीला माझी मलाच शाबासकी देते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा काखेत होता ते ठीक, पण मी तो सगळ्या गावाला दाखवत फिरत होते.

ती खेळी बेकायदा होती. माझी सर्वांत सुंदर खेळी करताच येत नव्हती.

आईंनी पट आवरला. एरवी मी आवरते. म्हणाल्या, "चहा टाकू का?" मी नको म्हटलं आणि मग दोन कप प्याले.

मंगळवार, ११

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामाच्या टेबलावर तो कागद पसरला. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, समोर प्लॅस्टरचे सात जबडे. साक्षीदार म्हणून बरे, बोलत नाहीत.

प्रामाणिक हिशेब मांडला. डाव संपला, निकाल जाहीर झाला, वहीत नोंदला गेला. संपलेला डाव अशा चुकीसाठी परत उघडत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे पहिला पट माझाच राहतो. अडचण एवढीच की रविवारी सर्वांसमोर डाव लावून दाखवायचा, आणि तिथे वीस जोडी डोळे असणार. त्यातल्या एकाला तरी दिसेलच.

मग मी खोडरबर घेतलं. हे लिहायला लाज वाटते, पण या वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला. चौदावी खेळी खोडली, तिथे "प्यादं एच तीन" लिहिलं. पंधरावी खोडली, "प्यादं एच चार". पट मांडून पाहिलं. पुढचा सगळा डाव जसाच्या तसा जुळला. तिकडच्या बाजूला तसंही काही घडत नव्हतं. कवळीत एक दात उंच राहिला तर निळा कागद चावायला दिला की डाग पडतो आणि लगेच कळतं. इथे डागच पडेना. खोटं इतकं चपखल बसेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याची जास्त भीती वाटली.

मग आठवलं की दुसरा कागद काकांकडे आहे.

बुधवार, १२

झोप नीट नाही. एका बाईची वरची कवळी दोनदा परत आली. तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं.

एकच विचार डोक्यात फिरतोय. काकांनी का नाही पकडलं? ज्या माणसाला खोकला खपत नाही त्याच्यासमोर मी बेकायदा किल्लेकोट केला आणि तो अकरा मिनिटं बघत बसला. त्यांना कळलं असणारच. कळून सोडलं? मला जिंकू दिलं? तसं असेल तर ते मला बेकायदा खेळीपेक्षा जास्त झोंबेल. मला कोणाचा प्रसाद नको.

गुरुवार, १३

काकांकडे जाऊन आले. मी खरं सांगायला गेले असं लिहायला आवडलं असतं. मी गेले ती त्यांच्या कागदावर चौदावी खेळी काय लिहिली आहे ते बघायला.

ते एकटेच राहतात, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडून म्हणाले, "कोण?" मी "मी" म्हटल्यावर चेहरा उजळला. "ये पोरी, चहा टाकतो." मी करते म्हटलं तर ऐकेनात. कपात चहा ओतताना त्यांनी आतल्या काठाला बोट लावून ठेवलं होतं. चहा बोटाला लागला तेव्हा ओतायचे थांबले. मी म्हटलं, "काका, भाजेल ना." म्हणाले, "सवय आहे." अठरा वर्षांत ही सवय मी पाहिली नव्हती.

मी रविवारचं निमित्त सांगितलं, माझं अक्षर लागत नाही म्हणून तुमचा कागद हवा. त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढून दिला. "अक्षर बिघडलंय माझं," म्हणाले.

ज्या माणसाने चाळीस वर्षं केसाएवढ्या रेघा मारल्या त्याची अक्षरं बोराएवढी झाली होती, आणि ओळ उतरत उतरत दुसऱ्या ओळीत शिरली होती. त्यांच्या स्वतःच्या खेळ्या सगळ्या होत्या. माझ्या रकान्यात चार जागा रिकाम्या. अकरा, चौदा, पंधरा, एकोणीस. मी मनात पट मांडला. अकराव्याला मी वजीर परत डी एकवर नेला होता. चौदा आणि पंधरा हत्ती. एकोणिसाव्याला घोडा मागे जी एकवर. चारही खेळ्या माझ्या पहिल्या ओळीतल्या, म्हणजे त्यांच्यापासून सर्वांत लांबच्या. आणि तेविसाव्या खेळीपुढे, किल्लेकोट लिहून, एक मोठं प्रश्नचिन्ह.

त्यांना दिसत नाही. जवळचं कसंबसं दिसतं, पटाची ती कड दिसत नाही. तिकडे काय हललं ते त्यांनी सगळा डाव अंदाजाने ठरवलं, आणि तेविसाव्या खेळीला तो अंदाज त्यांना खात्रीने धरता येईना. मी किल्लेकोट केला तेव्हा त्यांना शंका आली होती. पण "तुझा हत्ती हलला होता का?" असं विचारायचं तर आधी मला दिसलं नाही असं म्हणावं लागलं असतं. त्या अकरा मिनिटांत ते थक्क झाले नव्हते. रस्त्यावरही ते रुसले नव्हते. आणि मी दारात उभी राहून "अजिंक्य" म्हटलं.

कप माझ्या हातात तसाच होता. काका म्हणाले, "तुझी तेविसावी चांगली होती."

"हो," मी म्हटलं.

"एक विचारू? बसल्या बसल्या आठवत होतो. तो हत्ती सगळा वेळ कोपऱ्यातच होता ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझा कागद माझ्या पिशवीत होता, खोडलेला. मी म्हटलं, "बघून सांगते, काका."

"बघून सांग," ते म्हणाले.

शुक्रवार, १४

कामावर मेणकागदाचे दोन तुकडे कापून चष्म्याच्या काचांवर चिकटवले आणि पट समोर ठेवून बसले. जवळच्या दोन ओळी ठीक. मधल्या धूसर. पलीकडची ओळ म्हणजे नुसता धुरकट पट्टा, त्यात उभं काहीतरी. असं दिसत असताना त्या माणसाने मला बाविसाव्या खेळीपर्यंत दमवलं होतं. मी हसले आणि मग रडले. दार लावलेलं होतं.

खोडलेल्या खेळ्या परत लिहिल्या, शाईने.

आता मला काय करायचं ते माहीत आहे. डाव रविवारी दाखवायचा, चूक सांगायची, आणि बाविसाव्या खेळीपासून पुढे पुन्हा खेळायचा. पहिला पट गेला तर जाऊ दे. म्हणजे जाऊ नये, पण गेला तर मी मरणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. मी बोलले की सगळे विचारणार, काकांनी कसं नाही पकडलं? आणि पुन्हा खेळलो तरी ती पलीकडची ओळ त्यांना दिसणार नाहीच. डोळे अधू असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा हरवून मी काय मिळवणार?

आईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लाइन खराब असली की समोरच्याला ऐकू जायचं नाही. आम्ही काय त्याला बहिरा म्हणायचो? आपणच आकडा नीट, मोठ्याने म्हणायचा. त्याला वाटतं आपलं कामच तसं आहे."

मग आमचा एक डाव झाला. बरोबरी झाली. माझं लक्ष नव्हतं.

रविवार, १६

घरी येऊन तासभर झाला. आधी जेवले, मग लिहायला बसले.

खोली भरली होती. आईसुद्धा आल्या होत्या, शेवटच्या बाकावर. काका पहिल्या रांगेत. मी भिंतीवरच्या पटावर एकेक खेळी लावत गेले. चौदावी आणि पंधरावी भरभर उरकली नाही. दोनदा दाखवली, बोट ठेवून, नाव घेऊन. मग तेविसावीपाशी थांबले.

"ही खेळी मला करता येत नव्हती," मी म्हटलं. "हा हत्ती आधी हलला होता. मी विसरले. आठ दिवस रोज हा डाव लावूनही मला दिसलं नाही. आमच्या सासूबाईंना दिसलं."

खोलीत कुजबुज झाली. कोणीतरी बोललंच, "पण काकांच्या कसं लक्षात आलं नाही?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. "मी इतक्या तोऱ्यात केली की समोरच्याला वाटावं, हिला हक्कच आहे. माझा तोरा तुम्हाला माहीत आहे." सगळे हसले. ते पटण्यासारखं होतं, कारण खरंच होतं.

औषधवाले उठले. "ताई, निकाल लागला आहे. वहीत चढला आहे. आता काही बदलत नाही."

"वहीत राहू दे. मला तो डाव पुरा करायचा आहे. काकांची हरकत नसेल तर, बाविसाव्या खेळीपासून, इथेच, आत्ता. जो निघेल तो निकाल मी मानते, पहिल्या पटासकट."

सगळे काकांकडे बघायला लागले. ते सावकाश उठले, टेबलाशी येऊन बसले, आणि म्हणाले, "राजाला हात लावला होतास. राजाच हलवावा लागेल."

नियम तसाच आहे. किल्लेकोट बेकायदा ठरला तर राजाची दुसरी खेळी करावी लागते, आणि माझ्या राजाला धड जागा नव्हती. मी त्याला उचलून बाजूला सरकवला. एक प्यादं कमी, राजा वाऱ्यावर, दुसरा हत्ती कोपऱ्यात घोड्यामागे कोंडलेला.

"राजा," मी म्हटलं. "एफ एक."

मोठ्याने. प्रत्येक शब्दाला वेगळी जागा.

औषधवाल्यांनी चमकून बघितलं. काकांनी खेळी केली. मी पुढची केली. "घोडा. ई दोन."

"ताई, डाव चालू आहे," औषधवाले म्हणाले. "बोलायचं नाही. काकांना चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी काकांकडे बघितलं. ते पटाकडे बघत होते, अगदी खाली वाकून, आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं. मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, आणि तेही इतक्या हुशारीने.

मग ते सरळ बसले. "बोलू दे तिला," म्हणाले. "मला बरं पडतं."

आणि पुढची खेळी करताना तेही बोलले. "उंट. डी तीन." जाड, सावकाश आवाज, नकाशावर नाव लिहावं तसा. त्यानंतर सगळा डाव आम्ही दोघं बोलूनच खेळलो. खोलीत दुसरा आवाज नव्हता. कोणी खोकलंही नाही.

मी हरले, बावन्नाव्या खेळीला. पण पंचवीस ते चाळीस मी त्यांना घाम फोडला, हे वहीत लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. एक्केचाळिसाव्याला त्यांनी जो घोडा दिला तो मला दिसलाच नाही. इतका स्वच्छ बळी मी त्यांच्याकडून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी राजा आडवा केला, त्यांच्या कागदावर सही केली, त्यांनी माझ्या. त्यांच्या कागदावर एकही जागा रिकामी नव्हती.

लोक पांगल्यावर ते म्हणाले, "तीस तारखेला पहिल्या पटावर तू बस."

"काका, तुम्ही जिंकलात."

"जिंकलो. ऐकून जिंकलो. नदीपलीकडचा माणूस माझ्याशी बोलणार नाही." मग खिशात हात घालून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. "डोळ्यांच्या दवाखान्याचं आहे. दोनदा वेळ घेतली, दोनदा गेलो नाही. बसचा नंबर वाचता येत नाही, आणि स्टॉपवर विचारायचं म्हणजे... जन्मभर लोकांना रस्ते काढून दिले मी."

"कधी आहे?"

"परवा. साडेदहाला."

"नऊला येते," मी म्हटलं. "खालीच थांबा."

आई पुढे उतरून गेल्या होत्या. जिन्यातला दिवा गेलेला होता. वरच्या पायरीवर काका थांबले, आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पहिली पायरी उतरले आणि म्हटलं, "एक."

मोठ्याने मोजत मोजत आम्ही खाली आलो. एकोणीस पायऱ्या आहेत.